खोक्यावरचा चौकोन

आंदर मावळातल्या टाकवे बुद्रुकला बहिणीकडे गेलो होतो. भाची बालभारतीचं पुस्तक घेऊन बसलेली. धड्याच्या नावाशेजारी तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, आणि त्यावर चहाचा ओघळ. "मामा, खराब झाला का हो?" मोबाइल धरला, तर चौकोन क्षणात ओळखला गेला. पुढे मात्र पडद्यावर चक्र फिरत राहिलं. "रेंज गेली," भाची म्हणाली. आंदर मावळात याचं कुणाला फारसं नवल नाही.

चौकोनाने आपलं काम चोख केलं होतं. ते काम नेमकं कोणतं, हे त्याच्या जन्मगावी गेल्याशिवाय कळत नाही. आणि तो जन्मला शाळेत नव्हे, मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात.

जपानच्या डेन्सो कंपनीत भागांच्या खोक्यांवर बारकोड चिकटवत. एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावायची, म्हणून एकाच खोक्यावर अनेक बारकोड, आणि कामगार दिवसभर एकेक वाचतोय. तिथले अभियंते मासाहिरो हारा यांच्याकडे हे गाऱ्हाणं आलं. हारा दुपारच्या सुट्टीत 'गो' हा पटावरचा खेळ खेळत. पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या बघताना सुचलं, की माहिती आडवी-उभी अशी दोन्हीकडे भरता येईल. खरी मेख पुढे होती. छापील मजकुराच्या गर्दीत यंत्राला चौकोन सापडायचा कसा? मासिकं, पत्रकं, पुठ्ठ्याची खोकी असं मिळेल ते छापील साहित्य चाळून त्यांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सगळ्यात विरळ आढळणारं प्रमाण शोधलं: १:१:३:१:१. तीन कोपऱ्यांतले ते तीन डोळे म्हणजे हेच प्रमाण. डोळ्याच्या मध्यातून कुठल्याही दिशेने छेद घ्या, बदलत नाही. कारखान्यात तेलाचे, काजळीचे डाग पडणारच, म्हणून जास्तीत जास्त ३० टक्के भाग बिघडला तरी वाचता येईल अशी सोयही केली. भाचीचा चहा त्या हिशोबात किरकोळच.

१९९४ साली हा क्यूआर, म्हणजे 'क्विक रिस्पॉन्स', कोड बाहेर आला. कंपनीने पेटंट घेतलं, पण हक्क बजावत बसली नाही, वापरा म्हणाली. हा मोठेपणा नसता, तर तो आपल्या पाठ्यपुस्तकापर्यंत पोचला असता असं मला वाटत नाही.

आपल्या राज्यात शाळेत तो आणला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. २००९ साली ते तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. पुस्तकाची भाषा एक आणि मुलांच्या घरची दुसरी, कन्नड. गुरुजी ती भाषा शिकले, मजकूर मुलांच्या बोलीत आणला आणि कविता, गोष्टी, स्वाध्याय यांचे कोड पुस्तकात घातले. २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा वाहवा झाली ती चौकोनाची. माझ्या मते मोल होतं त्यामागच्या साहित्याचं. चौकोन हा नुसता पत्ता. घर बांधलं ते गुरुजींनी.

२०१७ मध्ये राज्याने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत हे कोड आणायचं जाहीर केलं. त्याच वर्षी केंद्राचा 'दीक्षा' हा मंच सुरू झाला, आणि बालभारतीच्या पुस्तकातला चौकोन आता तिथे नेतो. चौकोनाजवळ सहा अक्षरांचा एक कोडही छापलेला असतो. कॅमेरा रुसला तर ती अक्षरं टाइप करायची. बारकाईने पाहणारं कुणीतरी तिथे बसलेलं असणार.

नावातला 'क्विक' हा फक्त वाचण्यापुरता. तो पत्ता झटकन सांगतो. तिथवर जाणं रेंजच्या हाती.

मी मोबाइल घेऊन ओट्यावर निघालो, तशी भाची म्हणाली, "राहू द्या मामा. आमच्या बाई कान्हे फाट्यावरच्या रेंजमध्ये हे उतरवून आणतात. उद्या दाखवतील."