पाया, जोते आणि अस्तर

वस्तू ज्याच्या आधाराने उभी असते किंवा टिकते, त्या खालच्या थराला मराठीत एकच एक नाव नाही. पाया, जोते, अस्तर आणि थर हे चार शब्द आपल्या वाडवडिलांनी जपून वापरले. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून मात्र त्यांतील भेद पुसट होऊ लागला आहे. नव्या पिढीला चारही ठिकाणी ‘बेस’ पुरतो. त्यामुळे काय हरवते, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

पाया जमिनीच्या पोटात असतो. तो संस्कृत ‘पाद’वरून आला की फारसी ‘पाय’वरून, हा वाद फार ताणण्यात अर्थ नाही, कारण त्या दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. पायाचे काम भार पेलण्याचे. सोळाव्या शतकात खुदावंदखानाने बांधविलेल्या सुरतेच्या किल्ल्याचे दगड लोखंडाने सांधून त्यांत शिसे ओतले होते, असे जुने वृत्तान्त सांगतात. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला. शहर लुटले गेले, किल्ला मात्र हाती आला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मालवणच्या समुद्रातील खडकावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. तेथेही पायात शिसे ओतले आणि सुरतेचे द्रव्य त्या कामी आले, अशी परंपरा आहे.

जोते याहून वेगळे. जमिनीच्या वर, पण भिंतींच्या खाली असलेला, डोळ्यांना दिसणारा भाग म्हणजे जोते. पुण्यात १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याच्या कामास आरंभ झाला. १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमारती जळाल्या. कोट, दरवाजे आणि जोती उरली. रायगडाचीही तीच कथा. १८१८ च्या तोफांच्या माऱ्यात आणि आगीत वाडे गेले; आज राजवाडा कोठे होता, बाजारपेठ कशी होती, हे आपण जोत्यांवरूनच ओळखतो. आपल्या इतिहासाचा बराचसा भाग असा जोत्यांवर वाचावा लागतो. महाराष्ट्रातील बांधकाम-परवान्याच्या कागदांतही हा शब्द टिकून आहे.

या दोहोंतील भेद केवळ शब्दांचा नाही, हे तापीकाठच्या लोकांना वेगळे सांगावयास नको. हजिरा रस्त्यावरील आमच्या इच्छापोरसारख्या गावी, नदीच्या मुखाजवळच्या सखल मुलखात, घर बांधणाऱ्यापुढे दोन निराळे प्रश्न असतात. चिकण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिचे उत्तर पायाने द्यावयाचे. पुराचे पाणी किती चढेल, याचे उत्तर जोत्याने द्यावयाचे. १९६८ चा पूर उकाई धरणापूर्वीचा. धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले, आणि तरीही ऑगस्ट २००६ मध्ये सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. पाया कितीही भक्कम असो, जोते ठेंगणे असेल तर घर उभे राहते, पण संसार भिजतो.

अस्तर हा फारसी शब्द मराठी व गुजराती दोहोंत सारखाच रुळला आहे. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने कित्येक फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी हा शब्द शिंप्याच्या दुकानात सुखाने नांदत राहिला. अस्तर भार पेलत नाही. ते झीज आणि गळती सोसते. कोटाच्या आतील कापड, भिंतीवरील गिलाव्याचा पहिला हात, कालव्याच्या तळाचे अस्तरीकरण, या सर्वांचे काम तेच. थर हा शब्द संस्कृत ‘स्तर’पासून आलेला. त्यात आधाराची हमी नाही. धुळीचाही थर असतो आणि नदीच्या गाळाचाही.

म्हणजे भार कोण पेलतो, उंची कोण देतो, झीज कोण सोसतो आणि नुसते साचलेले काय आहे, हे चार प्रश्न आपल्या भाषेने चार शब्दांत वेगळे ठेवले. ‘बेस’ म्हटल्याने चारांचा एक होतो, आणि गवंड्याला नेमके काय विचारावे हेच कळेनासे होते. परप्रांतात राहून भाषा सर्वांगाने टिकविणे कठीण, हे आम्हांस ठाऊक आहे. पण घरात बांधकामाची गोष्ट निघेल तेव्हा मुलांसमोर ‘जोते किती फूट घ्यावयाचे?’ असा प्रश्न मराठीत विचारावा, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाला करता येईल.