स्विचचा व्यवस्थापन पत्ता

संगणकजाळ्यातील स्विचशी दुरून बोलता यावे म्हणून त्याला नेमून दिलेला आयपी पत्ता. कामावरच्या बोलीत ‘मॅनेजमेंट आयपी’. स्विचला स्वतःच्या मूळ कामासाठी त्याची गरज नसते : फ्रेम कोणत्या पोर्टवर पाठवायची हे तो मॅक पत्त्यावरून ठरवतो, आणि आयपी नसलेला स्विचही वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. पत्ता हवा असतो तो सांभाळणाऱ्याला. एसएसएचने किंवा ब्राउझरमधून आत शिरायला, एसएनएमपीने हालहवाल घ्यायला. स्वस्त ‘अनमॅनेज्ड’ स्विचना तो देताच येत नाही.

पूर्वपीठिका : इथरनेट स्विच बाजारात प्रथम आणला तो विनोद भारद्वाज यांच्या ‘कल्पना’ या अमेरिकी कंपनीने, १९९० मध्ये. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

कृती (सिस्को कॅटलिस्ट) : दुसऱ्या स्तरावर चालणाऱ्या स्विचच्या पोर्टला पत्ता चिकटत नाही, तो व्हीलॅनच्या आभासी इंटरफेसला द्यावा लागतो. कोऱ्या स्विचपाशी सहसा कन्सोल केबल घेऊन जावे लागते (वेग ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट). कॉन्फिगरेशन मोडमध्ये ‘इंटरफेस व्हीलॅन १’, मग ‘आयपी ॲड्रेस’ आणि त्यापुढे पत्ता व मास्क, उदा. १९२.१६८.१०.२ व २५५.२५५.२५५.०, शेवटी ‘नो शटडाउन’. यानंतर ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ ही वेगळी आज्ञा. नवखा हमखास विसरतो ती हीच. लक्षण ठरलेले : त्याच सबनेटमधून पिंग लागतो, दुसऱ्या सबनेटमधून लागत नाही. स्विचवर राउटिंग चालू असेल, तर मात्र ही आज्ञा निरुपयोगी. तिथे डिफॉल्ट रूट लिहावा लागतो.

पत्ता बरोबर असूनही इंटरफेस ‘डाउन’ दिसला, तर त्या व्हीलॅनमधले एखादे तरी पोर्ट जिवंत आहे का ते पाहावे. एकही नसेल तर आभासी इंटरफेस उठत नाही. चालू कॉन्फिगरेशन ‘स्टार्टअप’मध्ये उतरवले नाही, तर वीज गेली की सगळे पुसले जाते. जुन्या पत्त्यावरून आत शिरून तोच पत्ता बदलणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड : सत्र तिथेच तुटते, आणि नवा आकडा चुकला असेल तर केबल घेऊन पुन्हा रॅकपाशी.

कारखान्यातले पत्ते : मालिकेनुसार बदलतात. डी-लिंकच्या अनेक स्विचवर १०.९०.९०.९०, टीपी-लिंकवर १९२.१६८.०.१, सिस्कोच्या लघुउद्योग मालिकांवर १९२.१६८.१.२५४, तर डीएचसीपी न मिळाल्यास नेटगिअरवर १९२.१६८.०.२३९. लॅपटॉपला तात्पुरता त्याच सबनेटमधला पत्ता द्यावा. एकाच प्रकारचे दोन कोरे स्विच एकदम जोडल्यास पत्ते भिडतात, म्हणून एकेक.

सुरक्षितता : व्यवस्थापनासाठी व्हीलॅन १ न वापरता निराळे व्हीलॅन राखावे, असा सर्वसाधारण सल्ला आहे, छोट्या कार्यालयांत तो पाळला जातोच असे नाही. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो, म्हणून एसएसएच. पत्ता हाताने द्यावा की डीएचसीपीत राखून ठेवावा, यावर मतभेद आहेत.

आयपी आवृत्ती ६ : तत्त्व तेच, पत्ता १२८ बिटांचा.