पेशीविभाजन आणि रेट्रोव्हायरस

कोंबडीच्या गाठीचा पेशीरहित गाळलेला अर्क निरोगी कोंबडीत टोचला तरी गाठ उठते, हे पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवले. त्यामागचा विषाणू वाढण्यासाठी पेशीच्या विभाजनावर अवलंबून असतो, हे हॉवर्ड टेमिन यांच्या प्रयोगांतून कळायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. अशा विषाणूंमधले, म्हणजे रेट्रोव्हायरसमधले, आरएनएवरून डीएनए घडवणारे विकर १९७० मध्ये टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले. त्याचा गाजावाजा झाला, पण विभाजन कशाला लागते हा कळीचा प्रश्न उरलाच. उंदरांचा ल्युकेमिया विषाणू या दुसऱ्या रेट्रोव्हायरसवरील प्रयोगांनी १९९३ मध्ये त्याचा उलगडा केला. विषाणूचा डीएनए पेशीद्रव्यात तयार होतो, मात्र प्रथिनांसह त्याचा गठ्ठा केंद्रकाच्या पटलापाशी अडतो. विभाजनाच्या वेळी पटल विरते, तेव्हाच तो गुणसूत्रांपर्यंत पोहोचतो. एचआयव्ही हाही रेट्रोव्हायरस, पण त्याला एवढे थांबावे लागत नाही. त्याचे कवच केंद्रकछिद्रांतून वाट काढते, म्हणून विभाजन थांबलेल्या महाभक्षी पेशीही त्याच्या तावडीत सापडतात. याच गुणाच्या आधारे १९९६ मध्ये एचआयव्हीपासून बनवलेल्या, स्वतः वाढू न शकणाऱ्या वाहकाने उंदरांच्या मेंदूतील चेतापेशींत जनुक पोहोचवले.