पंचवीस पावसाळे : ‘तुंबाड’च्या प्रतीक्षेची गोष्ट

मंडळी, आपल्यापैकी ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशी-नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात गेलं, त्यांना नारायण धारप हे नाव वेगळं सांगायला नको. गावातल्या वाचनालयात धारपांचं पुस्तक कधी कपाटात सापडायचं नाही, ते कायम कुणाच्या तरी घरी असायचं. हाती आलं की मुखपृष्ठ फाटलेलं, पानांच्या कडा काळ्या झालेल्या आणि शेवटच्या पानावर कुणा आगाऊ वाचकाने पेन्सिलीने लिहिलेलं, ‘रात्री वाचू नये’. अर्थातच आम्ही ते रात्रीच वाचत असू!

धारपांचा जन्म १९२५चा. विज्ञान शिकलेला हा माणूस पुढे शंभरावर पुस्तकं लिहून गेला. ‘समर्थ’ कथांमधून त्यांनी अमानवी शक्तींशी झुंजणारा नायक दिला, ‘गोग्रामचा चितार’ आणि ‘नेनचिम’मधून विज्ञानकथा दिली, आणि ‘लुचाई’सारखी कादंबरी लिहून स्टीफन किंग यांचा अमेरिकन रक्तपिपासू थेट आपल्या मातीत आणून सोडला. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, पण वाचकांनी त्यांना कधी सोडलं नाही. आणि या वाचकांचा एक प्रश्न वर्षानुवर्षं तसाच होता : धारपांवर सिनेमा का येत नाही?

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. मराठी कादंबरी पडद्यावर यायला नेहमीच वेळ लागत होता असं नाही. ‘प्रभात’ने १९३४ साली ‘अमृतमंथन’ आणि १९३७ साली ‘कुंकू’ काढला. दोन्ही नारायण हरि आपट्यांच्या कादंबऱ्यांवर, आणि दोन्ही वेळी लेखक हयात होते. पुढे मात्र हे अंतर वाढत गेलं. श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ची, चित्रपट १९८०चा. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ची, चित्रपट आला २०१३ साली. तोवर शिरवळकरांना जाऊन दहा वर्षं झाली होती. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दूरदर्शनच्या मालिकेत दिसला खरा, पण मोठ्या पडद्यावर पोहोचला २०१७ साली. भागवत २००१ सालीच गेले होते.

भुताखेतांची, अद्भुताची कथा तर या रांगेत सर्वांत मागे उभी. कौटुंबिक कादंबरीवर सिनेमा करायला एक वाडा आणि चार चांगले नट पुरतात. धारपांच्या जगाला मात्र जुना काळ हवा, अंधार हवा, न पाहिलेलं काहीतरी दाखवण्याचं तंत्र हवं, आणि या सगळ्यासाठी पैसा हवा. मराठी चित्रपटाचं बजेट तेवढं नव्हतं आणि हिंदीवाल्यांना धारप माहीत नव्हते. १९९३ साली मराठीत ‘झपाटलेला’ आला आणि धो धो चालला, पण तिथला तात्या विंचू आपल्याला घाबरवता घाबरवता हसवत होता. निव्वळ भीतीवर पैसे लावायला कुणी तयार नव्हतं.

योगायोग असा, की त्याच १९९३ साली, नागझिऱ्याच्या अभयारण्यात, एका शाळकरी मुलाला त्याच्या मित्राने धारपांची एक गोष्ट सांगितली. मुलाचं नाव राही अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमिदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा हा मुलगा. जंगलातल्या त्या रात्रीची गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नाही. १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने तिच्यावरून पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. त्याचाच पुढे ‘तुंबाड’ झाला.

त्यानंतर जे घडलं ते वाचून माझ्यासारख्या आयटीवाल्याला अगदी घरच्यासारखं वाटतं. २००८ साली नवाजुद्दीन सिद्दिकी यांना घेऊन चित्रपट करायचं ठरलं, निर्माता मागे फिरला. २००९-१० मध्ये बर्व्यांनी सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला. एकूण सात निर्मितिसंस्था आल्या आणि गेल्या. अखेर सोहम शाह यांच्या साथीने २०१२ साली चित्रीकरण झालं, संकलन झालं, आणि पाहिल्यावर दोघांचंही समाधान झालं नाही! आमच्या भाषेत सांगायचं तर संपूर्ण प्रॉडक्ट युएटीमध्ये नापास. माझ्या अनुभवात अशा वेळी लोक बग-लिस्ट काढतात आणि तसंच ढकलून देतात. यांनी पटकथा पुन्हा लिहिली, पुन्हा चित्रीकरण केलं. ते २०१५च्या मे महिन्यात संपलं. खोटा पाऊस नको म्हणून खऱ्या पावसाची वाट पाहणं आलं, म्हणजे एक ऋतू चुकला की वर्ष गेलं. मग संगणकावरची दृश्यं, ध्वनी, संगीत. २०१८ साली व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात ‘तुंबाड’ने झाली. हा मान मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट. आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. नागझिऱ्यातल्या त्या गोष्टीपासून मोजले तर पंचवीस पावसाळे!

नारायण धारप २००८च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांनी हा चित्रपट पाहिला नाही.

मी स्वतः २००१ साली मास्टर्ससाठी आर्लिंग्टनच्या विद्यापीठात आलो, आणि नोकरी लागल्यावर अर्विंगला स्थिरावलो तो आजतागायत. आल्या आल्या पहिल्याच डिसेंबरमध्ये लॅबमधले अमेरिकन सहकारी एका सिनेमासाठी वेडेपिसे झालेले पाहिले : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग. मला त्यांचं वेड तेव्हा कळलं नाही. नंतर इतिहास वाचला. टॉल्किन यांचं पुस्तक १९५४-५५चं. चित्रपटाचे हक्क १९६९ साली विकले गेले. १९७८ साली एक ॲनिमेशनपट आला, तो अर्ध्या कथेवर थांबला आणि त्या दिग्दर्शकाचा उरलेला भाग कधी आलाच नाही. पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटापर्यंत २००१ उजाडलं. टॉल्किन १९७३ सालीच गेले होते. ज्यांनी पुस्तक कॉलेजात वाचलं ते वाचक सिनेमा पाहायला नातवंडांना घेऊन गेले असतील.

दूर कशाला, आपल्या टेक्सासचंच उदाहरण घ्या. अर्विंगहून गाडीने अडीच-तीन तासांवर क्रॉस प्लेन्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे रॉबर्ट हॉवर्ड नावाचा तरुण आईवडिलांच्या घरी एका लहानशा खोलीत बसून टाइपरायटरवर गोष्टी बडवायचा. त्याच्या ‘कोनन’ची पहिली कथा १९३२ साली मासिकात छापून आली. १९३६ साली, अवघ्या तिशीत, हॉवर्ड गेला. श्वार्झनेगरचा ‘कोनन’ पडद्यावर आला १९८२ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी! हॉवर्डचं ते घर आता संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जा.

आमच्या शेजारच्या तमिळ कुटुंबाकडे हाच विषय काढला तर ते हसतात. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ १९५० ते १९५४ या काळात क्रमशः छापून आली. १९५८ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तिचे हक्क घेतले. मणिरत्नम यांचा चित्रपट आला २०२२ साली. “तुमचे पंचवीस, आमचे चौसष्ट,” असं शेजारी म्हणतात, आणि वर फिल्टर कॉफी पाजतात.

तर सांगायचा मुद्दा असा, की वाट पाहणं हे काही फक्त आपल्याच नशिबी आलेलं नाही. पण ‘तुंबाड’च्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते.

बर्व्यांनी ती गोष्ट वाचली नव्हती. ऐकली होती. धारपांची मूळ कथा त्यांनी प्रत्यक्ष वाचली ती कितीतरी वर्षांनी, २०१०च्या सुमारास, आणि तेव्हा ती त्यांना मुळीच तशी वाटली नाही. ज्याने झोप उडवली होती ते धारपांचं छापील पान नव्हतं. ते मित्राचं सांगणं होतं, आणि भोवतीचं जंगल होतं. आता आणखी मागे जाऊ. चित्रपटाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे : भाऊ जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते, आणि घरात लहान मुलगा त्या भयंकर म्हातारीसोबत एकटा उरतो. हा धागा धारपांच्या ‘आजी’ या कथेचा, आणि ‘आजी’ बेतलेली आहे स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर. किंग यांची कथा १९८४ची. अमेरिकेत ती दोनच वर्षांत, १९८६ साली, टीव्हीवर आलीसुद्धा! आपल्याकडे तीच गोष्ट इंग्रजीतून मराठीत आली, मराठी पानावरून एका मुलाच्या तोंडी गेली, तोंडून दुसऱ्याच्या कानात, आणि पंचवीस वर्षांनी हिंदी होऊन पडद्यावर आली. वाटेत तिला कोकण मिळालं, खोताचा वाडा मिळाला, सोन्याच्या मोहरा आणि हस्तर मिळाला. नावसुद्धा उसनं, ते पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७च्या कादंबरीवरून घेतलेलं. जगबुडीकाठच्या खोतांच्या चार पिढ्यांच्या त्या कादंबरीतलं कथानक मात्र यात नाही.

म्हणजे ज्या ‘धारपांच्या सिनेमा’ची आम्ही वाट पाहत होतो, तो तसा कधी आलाच नाही. आला तो ऐकलेल्या गोष्टीचा सिनेमा, आणि तोही हिंदीत. काही वाचकांना याचं वाईट वाटलं, मलाही थोडं वाटलं. कोकणातल्या ब्राह्मण घरातली आई मुलाशी हिंदीत बोलते तेव्हा आपले कान टवकारतातच! पण मराठीत एवढा पैसा उभा राहिला असता का, याचं प्रामाणिक उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

२०१८ साली चित्रपटगृहांत ‘तुंबाड’ जेमतेम चालला. त्याला फिल्मफेअरची तीन पारितोषिकं मिळाली : छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी. मग तो लोकांनी घरोघरी टीव्हीवर पाहिला, एकमेकांना सांगितला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो भारतात पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. पुन्हा तेच, तोंडोतोंडीचं काम.

त्याच वर्षी माझे वडील आमच्याकडे आले होते. आमच्या घरात धारपांचे खरे वाचक ते; मी वाचायचो ते त्यांनी लपवून ठेवलेलं. आता त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची, मराठी बोलते, पण वाचताना जोडाक्षरापाशी अडखळते. शनिवारी रात्री आम्ही ‘तुंबाड’ लावला. संवाद बाबांना ऐकू येत होते, पण या सिनेमात बोलणं कमी आणि दिसणं जास्त. मग ती त्यांच्या शेजारी बसून सांगू लागली. “आजोबा, पाऊस पडतोय, सगळं हिरवं-काळं आहे.” “आजोबा, आता तो दोर धरून खाली उतरतोय. विहीर नाहीये ती. भिंती लाल आहेत, आणि हलतायत.” तिचा आवाज आपोआप खाली गेला. बाबांनी तिचा हात घट्ट धरला होता. मी पडदा पाहायचं सोडून त्या दोघांकडेच पाहत होतो.

संपल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “धारपांनी एवढं दाखवलं नसतं.” मुलीने विचारलं, “मग काय केलं असतं?” आणि त्या रात्री एक वाजेपर्यंत बाबा तिला ‘आजी’ सांगत बसले. त्यांना आठवत होती तशी. बरंचसं त्यांनी पदरचं घातलं असणार. दुसऱ्या दिवशी तिने तीच गोष्ट फोनवरून मैत्रिणीला इंग्रजीत सांगितली. त्यात आणखी काय बदललं, देव जाणे!

२०२४ साली ‘तुंबाड’च्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली. त्यात राही बर्वे नाहीत, आणि पुन्हा एकदा वाट पाहणं सुरू झालं. ते आपण पाहूच. आपल्याला सवय आहे. धारपांच्या उरलेल्या पुस्तकांवर कुणी सिनेमे काढतील, न काढतील. पण आपल्या घरातले आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात आणि परत जातात. दरवर्षी त्यातले काही पुढच्या खेपेला येत नाहीत. त्यांच्या डोक्यात धारप आहेत, मतकरी आहेत, गावच्या पारावरची भुतं आहेत, आणि ती मुलांना ऐकवायला ना निर्माता लागतो ना बजेट.

माझी एक सूचना आहे. यंदा कोजागरीला मसाला दूध झालं की अंताक्षरीच्या आधी अर्धा तास दिवे मालवूया. ज्या आजोबांना किंवा आजींना एखादी भीतीची गोष्ट येत असेल, त्यांनी ती मुलांना सांगावी. मुलांना सगळे शब्द कळले नाहीत तरी चालेल. आमचे बाबा त्या वेळी इथे असतील तर पहिला नंबर त्यांचा, मी त्यांना विचारून ठेवलं आहे. दुसरा नंबर कुणाचा, ते आपापल्या घरी विचारून कळवा.