खारीच्या बांधाची कुळकथा

अलिबागहून पेणकडे निघालं की पोयनाडच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना सपाट भातखाचरं लागतात. लांबवर नजर टाकावी तर ती थेट खाडीला भिडलेली दिसतात. यातली बरीचशी जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. तिथे भात पिकतो तो खाडी आणि खाचर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मातीच्या बांधामुळे. या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. अंबा, पाताळगंगा आणि भोगावती या नद्या धरमतरच्या खाडीला मिळतात, त्यांच्या काठाकाठाने तो पसरलेला आहे.

जुन्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा इतिहास आपण किल्ल्यांवरून सांगतो. कुलाबा, खांदेरी, जंजिरा, कोरलई ही नावं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतात. पण या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा बांधकामाचा पसारा दगडी नाही, चिकणमातीचा आहे. तो कुणा एका राजाने उभारलेला नाही. गावोगावच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ओंजळीने माती टाकून तो वाढवला.

भरतीचं पाणी अडवून जमीन करण्याची ही विद्या कोकणात फार जुनी आहे. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या बांदिवडे इथे कोकणच्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्मा राजाचा ताम्रपट सापडला. तो इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातला मानला जातो. खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन, दान देताना तिथे बांध घालून समुद्राचं खारं पाणी अडवावं आणि ती लागवडीला आणावी, अशी व्यवस्था त्यात आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही ही कला इतकी रुळलेली होती की राजा तिच्या भरवशावर दान देत होता. गोव्यात ही जमीन गावकारीने, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेने, सांभाळली. तिथल्या पाण्याच्या दरवाजाला ‘मानस’ म्हणतात. कुलाब्याकडे त्यालाच ‘उघाडी’ म्हणतात.

मराठेशाहीत पडीक आणि खारट जमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल मिळत असे. पहिली काही वर्षं सारा माफ, मग दरसाल थोडा थोडा चढता, अशा इस्ताव्याने जमीन दिली जाई. खारीला, म्हणजे बांध घालून मिळवलेल्या अशा जमिनीला, हीच रीत मानवणारी होती, कारण बांध घातला म्हणून त्याच वर्षी पीक येत नाही. याच ओघात ‘शिलोत्री’ वतन रुजलं. जो पदरमोड करून बाहेरचा बांध घालील आणि तो राखील तो शिलोत्रीदार. बांधाच्या दुरुस्तीसाठी बिघ्यामागे एक मण भात त्याच्याकडे जाई, त्याला शिलोत्री मण म्हणत.

बांध घालायचा तो उन्हाळ्यात. खाडीतलीच चिकणमाती कापून थरावर थर चढवायचा, तुडवून बसवायचा, लाटा आदळतात त्या अंगाला दगड लावायचे. शेवटचं तोंड बुजवणं सगळ्यांत अवघड, कारण सगळी भरती तिथूनच आत घुसू बघते. म्हणून ते काम भांगाच्या दिवसांत, पाण्याचा जोर कमी असताना करायचं. बांधात उघाडी ठेवायची. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणी तिचं दार दाबून बंद करतं.

पुढचं काम पावसाचं. कोकणचा धो धो पाऊस जमिनीतलं मीठ विरघळवतो आणि उघाडीतून खाडीत परत नेतो. असे काही पावसाळे गेले की भात धरू लागतो. उन्हाळ्यात मात्र खालचं मीठ पुन्हा वर चढतं. म्हणून जुने शेतकरी खारी फार खोल उखळत नसत. पावसाने जमीन भिजली की मोड आणलेलं बी, म्हणजे रहू, चिखलात फेकायचं. बीही तसंच काटक. काळा राता आणि भुरा राता ही खार सोसणारी भातं इथलीच. पुढे कृषिशास्त्रज्ञांनी याच गावठी जातींतून काळा राता १-२४ सारखे वाण निवडले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे सुधारित वाण दिले.

या शेतीचा कणा आगरी समाज. खाचरात भात, मिठागरात मीठ आणि खाडीत मासळी, अशा तिन्ही कामांत त्याचा हात. शेजारी कोळीवाडे. त्याच गावांत तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली ज्यू. किहीमकर, पेझारकर, नवगावकर, रोहेकर ही त्यांची आडनावं आजही इस्रायलमध्ये कुलाब्यातल्या गावांची नावं सांगतात. खारेपाटातल्या घरापुढच्या तळ्यात जिताडा वाढवायचा आणि मोठा पाहुणा आला की तो काढायचा, ही इथली रीत. त्या तळ्याचं आणि त्या भाताचंही रक्षण एकाच बांधावर अवलंबून होतं.

बांधाला सर्वांत मोठं भय लहानाचं. खेकडा बीळ करतो, उधाणाचं पाणी त्यात शिरतं, बीळ मोठं होतं आणि एका रात्रीत खांड जाते, म्हणजे बांध फुटतो. मग एकट्या शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही, कारण खांड कुणाच्याही शेताशी गेली तरी खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. त्यातूनच ‘जोळ’ जन्माला आला. बांधाआड ज्यांची जमीन, त्या प्रत्येक घराने बांधाच्या कामाला माणूस द्यायचा. कुणी निरोपाची वाट पाहायची नाही, हाळी आली की टोपली घेऊन निघायचं.

पण ज्यांच्या कष्टाने जमीन झाली, त्यांच्याच नावे ती राहिली नाही. इंग्रजी अमलात खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे वतनदार, आणि सावकार मालक झाले आणि राबणारा कूळ ठरला. खांड बुजवायची कुळाने, भाताच्या राशी मात्र मालकाच्या दारात. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी शेतकऱ्यांनी ठरवलं की आता खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी जमिनी ओस ठेवल्या. लाकूडफाटा, मोलमजुरी आणि खाडीतली मासळी यांवर माणसं जगली, पण मोडली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. शेतकऱ्यांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. त्याच वर्षीच्या कायद्याने संरक्षित कुळाला मान्यता मिळाली. पुढच्या १९४८ च्या कूळकायद्याची वाटही याच खारीतून गेली.

१९४८ मध्येच मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला, त्यापाठोपाठ खार जमीन विकास मंडळ आलं. १९७९ मध्ये महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम झाला. बांध सरकारी योजनेत आले ही गोष्ट गरजेची होती, कारण मोठी खांड गावाच्या बळाबाहेरची असते. पण जबाबदारी कचेरीकडे गेली तसा जोळ विरत गेला. तरुण माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि नंतर जवळच्या कारखान्यांत गेली. आता बीळ दिसतं तेव्हा अर्ज होतो, आणि अर्ज मंजूर होईतो उधाण येऊन जातं. धरमतरच्या खाडीतून जाणाऱ्या मोठ्या बार्जांच्या लाटांनी बांध खचतात, ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे.

खांड तशीच राहिली की खाचरात कांदळवन उगवतं. कांदळवन किनाऱ्याचं रक्षण करतं, ते तोडू नये हे खरंच. पण बांध वेळेवर न दुरुस्त केल्यामुळे ते भातशेतीत उगवलं, तर शेतकऱ्याची जमीन कायद्याने अडकते आणि चूक नसताना तो शेतीतून बाद होतो. अशी ओस पडलेली खार पुढे ‘नापीक’ म्हणून प्रकल्पांच्या नकाशावर येते. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देण्याविषयीच्या सार्वमतात मत नोंदवलं, त्या क्षेत्राविरुद्धच्या लढ्याच्या मुळाशीही पिकती जमीन नापीक ठरवली जाण्याचा हाच राग होता.

ज्याच्या हाती बांधाची राखण, त्याच्याच हाती जमिनीचा हक्क असला तरच खार टिकते, हे या दीड हजार वर्षांचं सार आहे. सरकारचा पैसा आणि गावाचा जोळ ही दोन्ही बळं पुन्हा एकत्र आली पाहिजेत. बांधाची पाहणी दरवर्षी पावसाआधी गावकऱ्यांसह व्हावी, लहान दुरुस्तीचा निधी आणि अधिकार गावाकडे असावा, आणि खांडीमुळे बुडालेली जमीन सातबाऱ्यावर पिकती म्हणूनच राहावी. या मागण्या खारेपाटातल्या शेतकऱ्यांसाठी जितक्या निकडीच्या, तितक्याच समुद्राची पातळी वाढत असताना साऱ्या कोकणासाठी आहेत. कोकणातल्या प्रत्येक ग्रामसभेने येत्या उन्हाळ्यात आपल्या बांधाचा विषय पहिला घ्यावा.