नायकाचा गळा आणि धानाचा हंगाम

संगीत नाटक बोलपटाने मारले, असे आपल्याकडे सरसकट लिहिले जाते. त्याला पुरावेही आहेत. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला आणि त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, म्हणजे ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारेच गृहस्थ. तीनच वर्षांनी खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. घटना खऱ्या आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष पुण्या-मुंबईपुरता आहे. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात करडी आहे. तिथून, वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानाच्या बांधावर उभे राहून हाच इतिहास पाहिला, तर वेगळा दिसतो. गाणारा नायक गळ्यामुळे मोठा होतो खरा, पण तो जगतो मंडळीच्या चुलीवर. जिथे ती चूल विझली तिथे नायक संपला. जिथे पेटती राहिली तिथे बोलपटच काय, दूरदर्शनही त्याला हलवू शकले नाही.

केशवराव भोसल्यांचे उदाहरण घ्या. 1890 साली कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत गेला आणि देवलांच्या ‘शारदा’तली शारदा त्याने गाजवली. 1908 च्या जानेवारीत हुबळीला त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली, तेव्हा वयाची अठरा वर्षेही पुरी नव्हती. स्त्रीभूमिकेतून ते पुरुषभूमिकेकडे वळले आणि 8 जुलै 1921 च्या मुंबईतल्या संयुक्त ‘मानापमान’त, बालगंधर्वांच्या भामिनीसमोर, धैर्यधर म्हणून उभे राहिले. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, विषमज्वराने ते गेले. जेमतेम एकतीस वर्षांच्या आयुष्यात एवढा पल्ला गाठता आला, तो एकट्या गळ्यामुळे नव्हे. शिकवणारी, जेवू घालणारी, गावोगाव बिऱ्हाड हलवणारी मंडळी पाठीशी होती. पोर म्हणून आत यावे आणि नायक म्हणून पुढे उभे राहावे, अशी ती शाळाच होती.

ही शाळा मोडल्यावर काय होते, हे विदर्भाच्याच एका मुलाने दाखवून दिले. वसंतराव देशपांडे 1920 साली मूर्तिजापूरला जन्मले, नागपुरात वाढले, शंकरराव सप्र्यांकडे गाणे शिकले. 1935 साली ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात ते कृष्ण झाले होते. म्हणजे गुण लपलेला नव्हता. तरीही या माणसाच्या आयुष्याची सुमारे चोवीस वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यातल्या नोकरीत गेली. डिसेंबर 1967 मध्ये नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. त्यातल्या खाँसाहेबांनी वसंतरावांना घरोघरी पोचवले, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. प्रेक्षकांची गाण्याची भूक मेली असती, तर ‘कट्यार’ला ते प्रेम मिळाले नसते. भूक होती, गळाही होता. त्या दोघांची गाठ घालणारी मंडळी तेवढी उरली नव्हती.

झाडीपट्टीत ती उरली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात कापणी-मळणी आटोपते, हाती पैसा येतो, दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. गावातले मंडळ नाटक ठरवते, देसाईगंज म्हणजे वडशाहून कंपनी येते. जमीन खोदून उतरती बैठक करायची, सभोवती कापड लावायचे, पुढे ऑर्गन आणि तबला, आणि रात्र उजाडेपर्यंत खेळ. कित्येक कलावंत उरलेले वर्ष शेतीवर काढतात. नाट्यगृह आणि अनुदान यांच्यावाचून चालणारी ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. तिच्यात नायकाला शहराची परवानगी लागत नाही.

यावर आक्षेप येतो तो असा: हे संगीत नाटक नव्हेच, सिनेमाच्या चाली, लावण्या आणि विनोदाची भेळ आहे. पण शुद्धतेची ही कसोटी किर्लोस्करांनाही लावून पाहावी. 1880 च्या ‘शाकुंतला’त साकी-दिंडी आणि कीर्तनाच्या चाली होत्या, ‘मानापमान’ने उत्तरेकडची ठुमरी-दादरा घेतला. लोकांच्या कानात जे आहे ते उचलणे हाच या प्रकाराचा स्वभाव. इथे तर दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांची जुनी मुळेही आहेत. दुसरा आक्षेप मात्र जड आहे. पिकावर आणि जत्रेवर उभा असलेला धंदा पिकाबरोबर आणि जत्रेबरोबर बसतोही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या, तेव्हा शंकरपटाला, म्हणजे इथल्या बैलशर्यतीला, जोडून होणाऱ्या नाटकांचा आधार गेला. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात कंपन्यांचे खेळ तरीही होत राहिले. गावाने नाटक सोडले नाही.

2023 साली कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीचे नाव दिल्लीत घेतले गेले. त्यांच्या आधीच्या कित्येक गाणाऱ्या नायकांची नावे मात्र फक्त पिवळ्या पडलेल्या हस्तपत्रिकांवर आहेत. करडी-पालोरा भागातल्या ज्या घरांत अशा पत्रिका, जुनी पदांची वही किंवा मंडळाचा जमाखर्च असेल, त्यांनी तो रद्दीत घालू नये. गावच्या वाचनालयात नेऊन द्यावा आणि त्यावर साल लिहून ठेवावे.