टपालाच्या देवडीवरचा पहारा

संगणकीय टपालाचा जो कायदा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये 'आरएफसी ८२१' या क्रमांकाने सिद्ध केला, त्यात पत्र पुढे रवाना करण्याचे हुकूम तपशीलवार नमूद असले, तरी ते आणणाऱ्याची ओळख पटवून घेण्याचे कलम कोठेच आढळत नाही. येणाऱ्या यंत्राने 'हेलो' म्हणून आपले नाव सांगावे, पत्र कोणाचे व कोणासाठी ते निवेदन करावे, आणि दारावरील यंत्राने '२५०' हा मंजुरीचा आकडा देऊन ते बिनतक्रार खरे मानावे, अशी ती वहिवाट होती. तिला भोळेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या काळी आर्पानेटवर यंत्रे जेमतेम दोन-अडीचशे, आणि एवढ्याशा गावात देवडीवर पहारा कोण बसवतो?

पुढे गावाचे शहर झाले. कोणाचेही पत्र कोणाकडेही पोहोचवणारी ही धर्मशाळा, म्हणजे 'ओपन रिले', जाहिरातबाजांनी बळकावली, तेव्हा १९९८ च्या 'सेंडमेल ८.९' ने परक्यांचे टपाल पुढे नेणे मुळातच बंद ठेवले. पण त्या बंदोबस्तात परगावी गेलेला धनीही बाहेर राहू लागला. त्यावर तोड निघाली ती अशी, की त्याने प्रथम परवलीचा शब्द देऊन आपली पत्रपेटी उघडावी, आणि मग काही मिनिटे त्याच्या पत्त्यावरून जाणारे टपाल विनाचौकशी सोडावे; म्हणजे आत येताना पटलेली ओळख हाच बाहेर जाण्याचा दाखला!

मार्च १९९९ मध्ये जॉन मायर्स यांच्या 'आरएफसी २५५४' ने 'ऑथ' हा रीतसर हुकूम दिला. मात्र त्याच्या 'प्लेन' पद्धतीत परवलीचा शब्द 'बेस६४' मध्ये लिहिला जातो, आणि ही गुप्तता मोडी न येणाऱ्यापुढे ठेवलेल्या मोडी कागदाइतकीच. त्यासाठी वाटच झाकणे प्राप्त होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत 'स्टार्टटीएलएस' ने ती सोय केली होती.

आज स्वतःचे टपालघर चालवणारा बहुधा व्हीत्से व्हेनेमा यांचे 'पोस्टफिक्स' आणि टिमो सिरैनेन यांचे 'डवकॉट' जोडीने बसवतो. परवलीच्या शब्दांचे दप्तर डवकॉटच्या ताब्यात असते. पोस्टफिक्स एका अंतर्गत सॉकेटवरून त्याच्याकडे रुजुवात मागते व ग्राहकाला '२३५' म्हणून आत घेते किंवा '५३५' म्हणून परतवते. टीएलएस सुरू झाल्यावाचून 'ऑथ' चा पुकाराच करू नये, ही एक ओळ लिहिण्यास विसरणाऱ्याचे बाकीचे कुलूपकिल्ल्यांचे सोपस्कार व्यर्थ होत. पोर्टही ठरलेले: ५८७, आणि १९९७ मध्ये नेमून लवकरच बडतर्फ केलेले ४६५, ज्याला २०१८ च्या 'आरएफसी ८३१४' ने सन्मानाने पुन्हा कामावर रुजू करून घेतले.

हा पहारा २५ क्रमांकाच्या पोर्टवर मात्र बसवू नये. परगावचे टपाल आजही तेथूनच येते, आणि ते आणणाऱ्याजवळ आपल्या घरचा परवलीचा शब्द नसतो.